फोल्डर जाते

फोन विहिरीच्या काठावर पडला असता तर निदान दगडाला बोल लावता आला असता. तो पडला सोयाबीनच्या वावरात, काळ्याभोर मऊ मातीत, आणि तिथल्या एकुलत्या एका गोट्यावर. ई-पीक पाहणीचा, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीच्या अ‍ॅपसाठीचा फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, म्हणून उभा होतो. उचलून पाहतो तर वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन तडे निघालेले. एक वर्धा, एक वैनगंगा, आणि खाली त्यांची प्राणहिता. संगम बरोबर ‘पुढे’ या बटणावर. गट नंबर भरता येई, पीक निवडता येई, पुढे तेवढं जाता येईना.

“शेतीचं तसंच असते,” बाबा म्हणाले.

तालुक्याच्या दुकानदाराने फोन एकदा उलटा, एकदा सुलटा केला आणि “फोल्डर जाते” एवढंच म्हणाला. फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेला एकच तुकडा. वरची काच गेली तरी सगळाच बदलायचा. कौल फुटलं म्हणून घर पाडण्यातला प्रकार. मजुरीसकट १९०० रुपये. ऑनलाइन तोच ८५० ला, वर पेचकस, रबरी वाटी आणि गोंदाची नळी फुकट. वाचलेल्या पैशात डीएपी खताची एक थैलीही येत नाही, हा हिशेब मला फार उशिरा सुचला.

पार्सल आलं त्या दिवशी ओसरीत पाट मांडला. व्हिडिओतला माणूस हेअर ड्रायरने कडा तापवत होता. आमच्या घरात केस वाळवायला ऊन वापरतात. आईने गुडघा शेकायची मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून दिली. “लय नको तापवू, बॅटरी असते त्यात,” असं तिनेच वर बजावलं. पाच-सात शेकांनंतर गोंद ढिला झाला. मग मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत सारून चारी बाजूंनी फिरवलं. त्या कार्डाचा एवढा उपयोग खात्यात पैसे असतानाही झाला नव्हता.

तोवर ओसरीत सात माणसं. मोटार वायंडिंग करणारे काका म्हणाले, “आधी लाइन तोड, मग हात घाल.” दिवसभरातला हा एकच कामाचा सल्ला. बॅटरीचं कनेक्टर आधी उपसलं. स्क्रू तेरा निघाले, काही आखूड, काही लांब. आखूडच्या जागी लांब पिळला तर आत बोर्डाला भोक, म्हणून कागदावर फोनचं चित्र काढून ज्याचा त्याचा स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी ठेवला. मोठा शहाणपणा केला होता. मग कोंबडी आली. तिने ज्वारी समजून बॅटरीजवळचा एक टिपला आणि निघून गेली. बारा स्क्रूंवर फोन चालतो. कोंबडीही बरी आहे.

नवा फोल्डर चिकटवण्याआधी नुसता जोडून पाहायचा असतो. जोडला, कंपनीचं नाव उजळलं, सगळे “आलं आलं” म्हणाले आणि गावातली लाइट गेली.

“मोबाइलची बॅटरी लाव ना बे!” बाबा अंधारातून ओरडले.

मोबाइल पाटावर पोट उघडून पडला होता.

लाइट आल्यावर गोंद लावला, बराच लावला. रात्रभर दाबून ठेवायला सांबाराच्या जुडीचे रबर गुंडाळले. सकाळी फोनला कोथिंबिरीचा वास होता, पण काच चकाचक. वावरात गेलो, ‘पुढे’ दाबलं आणि खरंच पुढे गेलो. गावभर सांगत फिरलो. जुन्या फोल्डरला इवलीशी रबरी टोपी चिकटलेली राहिली होती, ती कशाची म्हणून मी विचारही केला नाही. उकिरड्यावर गेली.

ती वरच्या सेन्सरची होती. फोन कानाला लावला की स्क्रीन विझवणं आणि कान सोडला की पेटवणं, हे त्याचं काम. माझ्या गोंदाने त्याचे डोळे लिंपले गेले होते. त्याच्या लेखी फोन सदाचाच कानाला.

संध्याकाळी मामाचा फोन आला. मामा फोनवर बोलतो ते रानातून हाक मारल्यासारखं. बाबांनी वीस मिनिटं संत्र्याचे भाव ऐकले, “बरं बरं” केलं, फोन कानावरून काढला. स्क्रीन काळी. फोन पाटावर ठेवून ते आईला म्हणाले, “सुटलो बाप्पा! तुह्या भाऊ दिवाळीले येतो म्हणते. मागच्या साली पंधरा दिवस हालला नाही घरातून.”

“माह्या भावाले काही म्हनू नका,” आई म्हणाली. “खाते तरी किती बिचारा!”

“किती? मोजून सांगू?”

मी धावत जाऊन बटण दाबलं, पुन्हा दाबलं. स्क्रीन काळीच.

पाटावरून खणखणीत आवाज आला, “मोजा मोजा, भाऊजी! यंदा महिनाभर राह्यतो.”