लघवीचे पाच रुपये, तेही फक्त बायकांनी?

परवा पुन्हा तेच. स्टेशनबाहेरच्या शौचालयात शिरले, तर टेबलाशी बसलेल्या माणसाने मान वर न करता हात पुढे केला. "पाच रुपये." कशाचे? पुरुष एकामागून एक फुकट आत जात होते. भिंतीवर पाटी होती, लघवीसाठी शुल्क नाही. मी पाटीकडे बोट दाखवलं, तर म्हणे, "ते जेंट्सना." का? आमच्या लघवीला सोनं लागलंय?

आणि पैसे मोजून मिळतं काय? दाराला कडी नाही. एका पायाने दार रेटायचं, पर्स दातात धरायची, ओढणी गळ्याभोवती गुंडाळायची, कारण अडकवायला साधा खिळा नाही. नळ कोरडा. पॅड टाकायला डबा? नावच काढू नका! शेजारच्या दाराला कुलूप, आत झाडू-बादल्या.

मुंबईत 'राइट टू पी'साठी, म्हणजे लघवीला जाण्याच्या हक्कासाठी, बायका २०११ पासून भांडताहेत. २०१५ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधायचे आदेश दिले. तरी आम्ही २०११ च्याच रांगेत!

आमची भाजीवाली मावशी पहाटे चारला घर सोडते आणि दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. तीनदा लघवीला गेली तर पंधरा रुपये, म्हणजे कोथिंबिरीची जुडी गेली. तिला मूतखडा झालाय. डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी प्या. प्यायचं आणि जायचं कुठे, डॉक्टर?