पीजीई-२ नव्हे, पीजीई-एम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : एलायझा किट (प्रतिपिंडाने रेणू ओळखून मोजणारी चाचणी) आणून लघवीतलं पीजीई-२ (प्रोस्टाग्लँडिन ई-२, शरीरात दाहाच्या वेळी बनणारा संप्रेरकासारखा रेणू) मोजलं, एकाच पुरुषाच्या दोन दिवसांच्या नमुन्यांत पंधरापट फरक आला, म्हणून प्रोस्टाग्लँडिनवरून कर्करोगाचा अंदाज बांधणं ही थाप आहे.

आकडा खरा असेलही, पण मोजलं भलतंच. लघवीतलं मूळ पीजीई-२ मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होतं. त्यात पुरुषाच्या नमुन्यात वीर्याचा अंश आला की संपलं, कारण वीर्यात ते भरपूर असतं. उरलेल्या शरीरातलं पीजीई-२ रक्तात आलं की फुप्फुसांच्या एका फेरीतच बहुतेक मोडतं. त्या मोडतोडीतून अखेर लघवीत उतरतं ते पीजीई-एम, म्हणजे पीजीई-२ चा मोडून उरलेला अंश. मोजायचं ते हे.

त्यासाठी एलायझापेक्षा एलसी-एमएस/एमएस (आधी रेणू वेगळे करून मग वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) बरं. लघवीत ढीगभर सारखे दिसणारे रेणू असतात आणि प्रतिपिंड त्यांना फसतं. साधारण १ मिलि लघवीचा पीएच ३ वर आणून मेथॉक्सिअमीन हायड्रोक्लोराइड घालतात (सोडियम अ‍ॅसिटेट बफरमध्ये, पीएच ५) आणि तासभर ठेवतात. दोन्ही कीटोन गट बांधले गेले की रेणू टिकतो, नाहीतर त्यातून पाणी निघून जातं. मग सी-१८ कार्ट्रिजवर (रेणू धरून ठेवणारी छोटी नळी) शुद्धीकरण, आणि यंत्राच्या ऋण आयन मोडमध्ये ३८५→३३६ (अखंड रेणूचं वस्तुमान आणि त्याच्या तुकड्याचं). ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेल्या) मेथॉक्सिअमीनने बनवलेलं अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी मोजून घातलेला तोच पण जड रेणू, ३९१→३३९ वर दिसतं. इथे एक खोच आहे : हे मानक अभिक्रियेनंतर घालतात, त्यामुळे अभिक्रिया अर्धवट राहिली तर ते चूक झाकतही नाही, दाखवतही नाही, आकडा नुसता कमी येतो. ड्यूटेरियम मूळ रेणूवरच असलेलं मानक मिळालं तर ते सुरुवातीलाच घाला.

निकाल नॅनोग्रॅम प्रति मिलिग्रॅम क्रिएटिनिन (लघवी किती पातळ आहे हे सांगणारा, स्नायूंतून येणारा पदार्थ) असा द्यायचा. हे केलं नसेल तर तुमच्या पंधरापटीतला काही भाग निव्वळ पाणी कमी-जास्त प्यायल्याचा.

एक मुद्दा मात्र तुमचा बिनतोड आहे : ही निदानाची चाचणी नाही. २००६ साली शांघायच्या स्त्रियांवरच्या अभ्यासात आधीच साठवलेल्या नमुन्यांत पीजीई-एम सर्वाधिक असलेल्या गटाला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सर्वांत कमी गटाच्या पाचपटीहून जास्त आढळला. तो गटाचा धोका झाला. समोरच्या एका माणसाला कर्करोग आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. सिगारेट, लठ्ठपणा, कुठलाही दाह यांनीही पातळी चढते. उलट आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं की ती उतरते आणि कर्करोग असूनही आकडा साळसूद दिसतो. नमुन्यासोबत औषधांची नोंद नसेल तर तो नमुना मी मोजणारच नाही.

तुमच्याकडे उरलेले नमुने उणे ८० अंशांवर असतील तर तेच पीजीई-एमसाठी चालवून पाहा. फक्त पुरुष-स्त्रियांचे आकडे एकत्र करू नका. पुरुषांत हे मुळातच जास्त असतं.