तेर बंदर नव्हतं आणि ते एका रात्रीत गडपही झालं नाही

सध्या सगळ्या ग्रुपवर तेरची एक पोस्ट फिरायलीय. त्यात म्हटलंय की 2000 वर्षांपूर्वी तेर म्हणजेच तगर हे मोठं बंदर होतं, रोमची जहाजं तेरणेतून थेट गावापर्यंत यायची, इटलीतल्या पॉम्पेईला सापडलेली हस्तिदंताची मूर्ती तेरमध्येच घडवली, आणि मग एका रात्रीत भूकंप होऊन अख्खं शहर जमिनीत गेलं. धाराशिव जिल्ह्याचं कौतुक होतंय म्हणून लोक पटापट पुढं पाठवायलेत, ते समजू शकतो, पण यात तेरच्या माणसांनी जे खरंच केलं तेच गायब झालंय म्हणून लिहितोय.

जहाजांचं आधी. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला. रोमचा व्यापार मुख्यतः अरबी समुद्रातून, पश्चिम किनाऱ्यावर. म्हणजे जहाजानं दक्षिणेला पूर्ण वळसा घालायचा, मग शेकडो किलोमीटर उलट्या धारेनं चढायचं, आणि तेही उन्हाळ्यात जिचं पात्र पायी ओलांडता येतं अशा नदीत! अहो, भरुच हे खरं नदीवरचं बंदर, नर्मदेसारखी नदी, तरी तिथंसुद्धा जहाजं आपली आपण आत येत नव्हती. उथळ जागा आणि भरती-ओहोटीचा जोर एवढा की राजाचे कोळी मोठ्या नावा घेऊन सामोरे जायचे आणि भरतीची वेळ साधून जहाजं ओढत आणायचे. हे पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तकात आलंय.

त्याच पुस्तकात तगरपण आहे. भरुचपासून दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर, आणि दोन्हीकडचा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरुचला जातो, असं स्पष्ट लिहिलंय. पैठणहून अकीकासारखे दगड, तगरहून साधं कापड ढिगानं आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशेएक किलोमीटर आहे, 10 दिवसांनी भागा, दिवसाला पंधरा किलोमीटर येतात, भरलेली बैलगाडी तेवढीच चालते. म्हणजे तेरहून निघालेलं कापड समुद्र बघायच्या आधी महिनाभर गाडीत असायचं, रोज बैलांना वैरण-पाणी, वाटेत घाट, नदीला उतार बघून गाडी घालायची, पाऊस आला तर गठ्ठे झाकायचे. हे सगळं विणकरांनी आणि गाडीवानांनी केलं, आणि पोस्टमध्ये त्यांचं नावसुद्धा नाही.

रोमशी संबंध होता, यात वादच नाही. तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, रोमन नाण्यांवरून उठवलेली मातीची पदकं मिळालीत, गळ्यात अडकवायची. कुणीतरी ते नाणं हातात घेऊन बघितलं आणि त्याची स्वस्तातली नक्कल इथल्या मातीत काढली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू गोळा करून ठेवल्या, त्यांच्या नावाचं म्युझियम गावातच आहे.

पॉम्पेईची मूर्ती 1938 साली सापडली, ती इसवी सन 79 च्या ज्वालामुखीत गाडली गेलेली. तिच्याशी जुळणारी हस्तिदंती बाहुली तेरला मिळाली हे खरं, पण जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तशीच मिळालीय. जुळते म्हणून ती तेरलाच घडली असं होत नाही.

राहिला भूकंप. 30 सप्टेंबर 1993 आपण विसरलो नाही, किल्लारी याच तेरणेच्या काठी, त्यामुळे लोकांना हे लगेच खरं वाटतं. पण प्राचीन तेर एका रात्रीत संपलं असेल तर नंतरचं तेर आलं कुठून? विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर अजून उभं आहे. शिलाहार राजे कोकणात, कोल्हापुरात राज्य करत असताना 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानानं लावत होते, आणि तेराव्या-चौदाव्या शतकात गोरोबाकाका याच गावात मडकी घडवत होते, त्यांची समाधी इथंच आहे. तेरचं व्यापारी वैभव ओसरलं ते हळूहळू. तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता गेली, रोमची मागणी घटली, मग भरुचपर्यंत महिनाभर गाडी हाकणं परवडेना. गाव मात्र कधीच ओस पडलं नाही.

तेव्हा पोस्ट पुढं पाठवायचीच असेल तर जहाज आणि भूकंप काढून टाका, आणि त्या जागी कापड आणि बैलगाड्या लिहा.