भाजी कुणी केली?

ही पोस्ट ऑफिसच्या लोकांना दिसणार नाही अशी सेटिंग करूनच टाकतोय. तेव्हा कमेंटमध्ये धाडसाचं कौतुक नको.

चाकणच्या एका कंपनीत मी अकाउंट्सला आहे, अकरा वर्षं झाली. दुपारी एक वाजता आम्ही सहाजण डबे मध्ये ठेवून जेवतो. माझ्या डब्यातल्या पीठ पेरलेल्या मेथीवर सगळ्यांचा डोळा. "कुणी केली रे?" "स्वयंपाकाच्या मावशींनी."

मावशी नाहीतच. भाजी तो करतो, पहाटे साडेपाचला उठून. तो म्हणजे माझा जोडीदार, नऊ वर्षं एकत्र राहतोय. पण खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं. आता मावशींना जुन्नरकडचं गाव आहे, गुडघेदुखी आहे, दिवाळीला आठ दिवस सुट्टी आहे. समोर बसणाऱ्या दादांच्या मिसेसना त्यांचा नंबर हवाय.

इंग्रजीत 'पार्टनर' म्हणून वेळ मारून नेता येते. मराठीत क्रियापद चुगली करतं. आला म्हणू की आली? म्हणून माझ्या तोंडी कायम अनेकवचन. घरचे आले होते, पाहुणे आहेत, आम्ही गेलो होतो. 'रविवारी काय केलंस' याचं उत्तर सोमवारी कंपनीच्या बसमध्येच जुळवून ठेवतो.

६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाने संमतीचे समलैंगिक संबंध कलम ३७७च्या गुन्ह्यातून बाहेर काढले. गुरुवार होता. जेवताना एकजण म्हणाला, "आता साहेबांच्या केबिनमध्ये एकट्याने जायचं नाही बरं का!" सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने.

ही माणसं वाईट नाहीत हो. बाबा गेले तेव्हा हेच पाचजण रात्रभर माझ्याबरोबर होते. दुष्ट असते तर केव्हाच राजीनामा टाकून मोकळा झालो असतो. सांगितल्यावर ते शिव्या देतील याची भीती नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात हात घालताना कुणाचा हात क्षणभर थांबेल, त्याची आहे.

"कोर्टाने दिलंय ना, मग सांगून टाक," असं मित्र म्हणतात. कोर्टाने गुन्हा काढला, नोकरीची हमी नाही दिली. ट्रान्सजेंडर व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला २०१९च्या कायद्याने मनाई केली. खाजगी नोकरीतल्या माझ्यासारख्या गे माणसासाठी तसं थेट कलम नाही. आणि मला रामचंद्र सिरस आठवतात. अलीगढमध्ये मराठी शिकवणारे, मूळ आपल्या नागपूरकडचे, कवी. त्यांनी कुठे काही जाहीर केलं नव्हतं. फेब्रुवारी २०१०मध्ये लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि विद्यापीठाने निलंबित केलं त्यांनाच. एप्रिलमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले.

कागदावर तर तो माझा कुणीच नाही. बँकेत नॉमिनी म्हणून त्याचं नाव लावलंय. चालतं, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्टही केलं. पीएफला चालत नाही. कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा, आणि आई माझ्यावर अवलंबून आहे. लोकांचे पीएफचे फॉर्म मीच तपासतो, त्यामुळे नियम पाठ आहे.

गेल्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. प्लेटलेट बावीस हजारांवर आल्या. रजेच्या अर्जात मी 'मावसभाऊ आजारी' असं लिहिलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "मावसभावासाठी चार दिवस? त्याच्या घरचं कुणी नाही का?"

"नाही सर," म्हणालो. दोन दिवस मिळाले.

उद्या डब्यात भरलं वांगं आहे. दादांना आवडतं म्हणून त्याने दोन जास्तीची केलीत. नंबरची कटकट नको म्हणून मावशी कायमच्या गावी गेल्या असं सांगायचं आमचं ठरलंय. मग वांगी कुणी भरली, ते काही अजून ठरत नाहीये.