‘आरत्या’ म्हणणाऱ्या चोपड्याच्या वाचकास

भाऊ,

टीव्ही१८ या वाहिन्यांच्या समूहाचे संस्थापक राघव बहल यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “दिल्लीच्या शेठच्या आरत्या ओवाळणं बंद करा. कर्जावर इमले बांधले, शेवटी सगळं अंबानींच्या घशात घातलं, पोरांच्या नोकऱ्या गेल्या. मराठी वाहिनीला एक ओळ देऊन मोकळे झालात. आणि आम्हा खानदेशवाल्यांना शेअरच्या चॅनेलचं काय कौतुक?”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण आरत्या? बहल यांना मी आयुष्यात भेटलेलो नाही, त्यांच्या कुठल्या कंपनीचा रुपया माझ्या घरात आलेला नाही. तुम्ही ‘चोपडेकर’ एवढंच नाव लावून येता आणि समोरच्याच्या हेतूवर चिखल उडवून जाता. बाजारात गाठ पडली असती तर याच भाषेत बोलला असतात का?

तुमचा एक मुद्दा रास्त आहे. बहल यांच्या समूहाची मराठी बातम्यांची वाहिनी आयबीएन लोकमत एप्रिल २००८ मध्ये लोकमत समूहाच्या भागीदारीत सुरू झाली, आज ती न्यूज१८ लोकमत म्हणून चालू आहे. मराठी वाचकासाठी लिहिताना तिला एका ओळीपेक्षा जास्त जागा हवी होती. मान्य.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ते कुणा पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं. चोपड्याच्या माणसाने लिहावं? तापी ओलांडली की तुमच्यासमोर अमळनेर. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. त्या कंपनीचे शेअर अमळनेरच्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. आमच्या घरी ते कागद रेशनकार्डासोबत पत्र्याच्या डब्यात असायचे.

मी तरुणपणी एका सबब्रोकरच्या, म्हणजे मुंबईच्या शेअर दलालाच्या गावातल्या मध्यस्थाच्या, गाळ्यात कामाला होतो. मुंबईहून फोनवर भाव यायचा. मालक तो ऐकायचा, फोन ठेवायचा आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याला दुसराच आकडा सांगायचा. “काका, काल पडला ना बाजार.” काका मान हलवायचे. बियाण्याला नाहीतर पोरीच्या लग्नाला पैसे हवे असायचे, आणि खरा भाव विचारायला दुसरं दार नव्हतं. वर्तमानपत्रात भाव छापून यायचा तोवर विक्रीच्या फॉर्मवर सही झालेली असायची. मी हे पुस्तकात वाचलेलं नाही, त्या टेबलाच्या अलीकडे बसून पाहिलंय.

बहल हे व्यवस्थापन सल्लागाराची नोकरी सोडून टीव्हीत आलेले गृहस्थ. १९९३ मध्ये टीव्ही१८ काढली तेव्हा स्वतःची वाहिनी नव्हती, दुसऱ्यांच्या वाहिन्यांसाठी कार्यक्रम करून देत. डिसेंबर १९९९ मध्ये भारतात सीएनबीसी ही शेअरबाजाराच्या बातम्यांची वाहिनी आणली ती त्यांनी. पण आपल्या भागासाठी मोठी गोष्ट घडली जानेवारी २००५ मध्ये, सीएनबीसी आवाज हिंदीत सुरू झाली तेव्हा. त्याच गाळ्यात मग धोतरातले एक आजोबा पाहिले. बिडीच्या बंडलाच्या कागदावर टीव्हीवरचा भाव टिपून आणलेला, तो टेबलावर ठेवून म्हणाले, “आते (आता) सांग.” मालकाला खरा भाव द्यावा लागला. डिमॅट (कागदाऐवजी खात्यात ठेवलेले शेअर) आणि संगणकावरच्या व्यवहारांचा यात मोठा वाटा आहे, हे मूळ लेखात मी लिहिलंच होतं. तुम्ही तिथवर वाचलं नसावं. पण संगणक ज्याच्या घरी नव्हता त्याच्यापर्यंत भाव पोचवला तो पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीने. याचं खानदेशाला कौतुक नसेल तर कुणाला असायचं?

कर्जाचं आणि अंबानींचं म्हणाल, तर त्यात तुम्ही नवा शोध लावलेला नाही. जानेवारी २०१२ मध्ये बहल यांच्या समूहात रिलायन्सच्या ट्रस्टचा पैसा आला, त्याच व्यवहारातून ईटीव्ही मराठी वाहिनीतला हिस्सा या समूहाकडे आला, आणि मे २०१४ मध्ये ४,००० कोटींपर्यंत रक्कम लावून रिलायन्स समूहाचा ताबा घेत असल्याचं जाहीर झालं. सगळं छापून आलेलं आहे. २०१३ मध्ये माणसं कमी केली, ते वाईटच झालं. म्हणून आधीची वीस वर्षं पुसायची?

मी स्वतः गावात केबलवर बातमीपत्र चालवलंय. नगरपालिकेची सभा, मार्केट यार्डातले भाव, दहावीचे निकाल. दिवाळीच्या जाहिरातींचे पैसे शिमग्यापर्यंत वसूल व्हायचे नाहीत, आणि कॅमेऱ्याचा हप्ता काही थांबायचा नाही. शेवटी एका मोठ्या केबलवाल्याला सगळं विकून पोरांचे थकलेले पगार दिले. लोक तेव्हाही म्हणाले, विकला गेला. पगाराची तारीख जवळ आली की पोटात काय होतं, हे ज्याला माहीत नाही त्याने ‘घशात घातलं’ असं लिहू नये. मला ते वाक्य लागलं, हे लपवत नाही.

बहल पन्नाशी उलटल्यावर पुन्हा उठले, द क्विंट हे बातम्यांचं संकेतस्थळ काढलं, ब्लूमबर्गसोबत बिझनेस न्यूजचं नवं काम उभं केलं. त्यातही २०२३ मध्ये अदानी आले, म्हणजे तुम्हाला पुन्हा लिहायला विषय मिळाला. जरूर लिहा. मराठी वाहिनीवरचा लेख मी पुढच्या आठवड्यात टाकतोय, त्याखाली तुमचं मत हवंच आहे. पण पूर्ण नावानिशी या. टोपणनावाने केलेली हेतूवरची शेरेबाजी यापुढे मी काढून टाकणार आहे.