'बघ्यांना तुरुंगात टाका' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मामीनं एक लांबलचक मेसेज टाकला आणि खाली मामांना उद्देशून लिहिलं, "वाचा जरा. आता तरी धावत जाणं बंद करा." मामांचं खंबाटकी घाटाखाली, पुण्याच्या अंगाला, महामार्गालगत चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. बोगद्यापुढच्या वळणावर गाडी उलटली की कळतं ते आधी तिथल्या माणसांना, आणि मामा हातातलं काम टाकून धावतात. या मेसेजवर मामीला काय उत्तर द्यावं ते त्यांना सुचलं नाही. मला सुचतंय, ते इथे लिहिते.

मेसेज तुम्हालाही आला असेल. वर 'जनहितार्थ', आणि मजकूर थोडक्यात असा: जर्मनी-फ्रान्समध्ये अनोळखी माणसाला मदत न करणारा थेट ५ वर्षं तुरुंगात जातो, म्हणून तिथे सगळे मदत करतात. न्यूयॉर्कमध्ये ३८ जणांनी खिडकीतून एका तरुणीचा खून पाहिला आणि कुणी साधा फोनही केला नाही, कारण धाकाशिवाय माणूस हलत नाही. भारतात मदत करणाऱ्यालाच पोलीस अडकवतात, दवाखान्याचं बिल त्याच्याच गळ्यात पडतं, पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या खेपा, आणि कायद्याचं संरक्षण शून्य. आता नव्या न्याय संहितेत मदत न करणाऱ्याला १० वर्षांची शिक्षा येते आहे, ती लवकर लागू व्हावी म्हणून सही करा आणि पुढे पाठवा.

यातला सगळ्यात घातक भाग संरक्षणाचा आहे, म्हणून आधी तोच घेते.

मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण नाही, हे धादांत खोटं आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल देताना केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली. ही संस्था पीयूष तिवारी यांनी २००८ मध्ये सुरू केली. आदल्या वर्षी त्यांच्या नात्यातला एक शाळकरी भाऊ दिल्लीत रस्त्यावर जखमी होऊन पडला होता; माणसं जमली, पण दवाखान्यात कुणी नेलं नाही आणि पोरगा गेला. त्या याचिकेतून जे उभं राहिलं ते पुढे थेट कायद्यात आलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घातलं गेलं, आणि २९ सप्टेंबर २०२० रोजी त्याखालचे नियम १६८ आणि १६९ निघाले.

हे कलम आणि हे नियम काय म्हणतात ते नीट वाचा, कारण मामींसारख्या हजारो बायकांची भीती त्यांत एकेक करून घेतली आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव, पत्ता किंवा ओळख सांगण्याची सक्ती कुणीही करू शकत नाही, पोलीससुद्धा नाही. त्याला साक्षीदार व्हायचं नसेल तर नको. स्वतःहून तयार असेल, तर जबाब त्याच्या सोयीच्या जागी, म्हणजे घरी किंवा दुकानात घ्यायचा, पोलिसांनी साध्या कपड्यांत यायचं, आणि एकाच बैठकीत काम संपवायचं. चौकीवर बोलावलंच, तर का बोलावलं ते लेखी नोंदवायचं. जात, धर्म, लिंग काही न बघता त्याला सन्मानानं वागवायचं. उचलताना, गाडीत घालताना काही चुकलं आणि जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी चांगल्या हेतूनं आणि स्वेच्छेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे सगळं प्रत्येक सरकारी आणि खाजगी दवाखान्यानं हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, आपल्याकडे मराठीत, दर्शनी जागी लावायचं आहे.

बिलाचं म्हणाल, तर जखमीला आणणाऱ्या अनोळखी माणसाकडून पैसे मागायचे नाहीत, हे त्या बंधनकारक तत्त्वांतच आहे. 'आधी पोलीस केस, मग उपचार' हेही दवाखान्याला चालत नाही. तो निकाल तर १९८९ चा, परमानंद कटारा यांच्या याचिकेवरचा. एका जखमी स्कूटरस्वाराला जवळच्या दवाखान्यानं घेतलं नाही, कारण पोलीस केस घेण्याची परवानगी वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्याला होती. तिथे पोचेपर्यंत तो गेला. डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य, कागद नंतर, असं न्यायालयानं स्पष्ट सांगितलं. आणि ५ मे २०२५ पासून तर रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना लागू आहे.

आता यात एक गोष्ट मला कबूल करावी लागते, आणि ती मी खुशीनं करत नाही. कागदावरचा नियम आणि चौकीतला हवालदार यांत अंतर आहे. मामांना एकदा, हे नियम यायच्या आधी, एका चौकीत रात्रभर बसवून ठेवलं होतं. रक्तानं माखलेल्या सदऱ्यावर. जखमी वाचला, पण ती रात्र मामी विसरलेली नाही, आणि तिनं विसरावी अशी माझी अपेक्षाही नाही. आजही कुठे ना कुठे असं घडत असणार. पण नियम मोडणाऱ्या पोलिसाला 'तुम्ही नियम मोडताय' म्हणता येणं आणि नियमच नाही असं समजून गप्प बसणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मेसेज लोकांना दुसऱ्या अवस्थेत ढकलतो.

सेव्हलाइफच्या २०१३ च्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी सांगितलं होतं की गंभीर जखमीला आपण बहुधा मदत करणार नाही. या लोकांपैकी ८८ टक्क्यांचं कारण एकच होतं: पोलिसांची चौकशी आणि कोर्टकचेरी. त्यांच्याच २०१८ च्या पाहणीत, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागून दोन वर्षं झाल्यावर, ८४ टक्के लोकांना हे संरक्षण असल्याचं ठाऊकच नव्हतं. याचा अर्थ लोक निर्दय आहेत म्हणून थांबत नाहीत असं नाही, ते घाबरतात म्हणून थांबत नाहीत. ज्या भीतीवर हा कायदा केला, तीच भीती हा मेसेज घरोघर नव्यानं पेरतो आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. पहिल्या तासात दवाखाना मिळाला असता तर अशांपैकी निम्मी तरी वाचू शकतात, असं विधी आयोगाचा २०१ वा अहवाल सांगतो. त्या तासात रुग्णवाहिका पोचायच्या आधी जो पोचतो तो मामांसारखा माणूस असतो. 'जनहितार्थ' लिहून त्यालाच घरी बसवायचं, याचा मला संताप येतो.

नव्या संहितेतल्या १० वर्षांच्या शिक्षेचा मुद्दा दोन मिनिटांत संपतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२) हे बघ्यांसाठी नाही. बेदरकारपणे गाडी चालवून माणूस मारणारा आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणारा चालक, त्याच्यासाठी ते आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चक्का जाम केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते याच कलमावरून. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवलं गेलं. मदत न करणाऱ्या वाटसरूला १० वर्षं, असं संहितेत कुठेही नाही.

कायदा सक्ती करतच नाही, असंही नाही. ज्याचा अपघाताशी संबंध आहे त्याच्यावर ती आधीपासून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार अपघातातल्या चालकानं जखमीला जवळच्या डॉक्टरकडे पोचवण्यासाठी शक्य ते सगळं करायचं असतं, जमावाच्या रोषामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या कारणानं ते अशक्य असेल तेवढा अपवाद. न केल्यास २०१९ पासून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. डॉक्टरवरही त्याच कलमात कर्तव्य आहे. प्रश्न उरतो तो केवळ योगायोगानं तिथे असलेल्या माणसाचा.

त्याच्यासाठी मेसेज जर्मनी-फ्रान्सचं उदाहरण देतो. तिथे असे कायदे आहेत, हे खरं. फ्रान्समध्ये एरवी कमाल शिक्षा ५ वर्षं (संकटातलं माणूस पंधरा वर्षांखालचं असेल तर ७), जर्मनीत एक वर्ष किंवा दंड. पण म्हणून 'तिथे सगळे मदत करतात'? ऑक्टोबर २०१६ मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात ऐंशी ओलांडलेले एक आजोबा बँकेच्या एटीएमच्या खोलीत कोसळले. एकामागून एक ग्राहक आले, पैसे काढले आणि त्यांना वळसा घालून, ओलांडून निघून गेले. आजोबा पुढे वारले. कायदा तेव्हा कित्येक दशकं जुना होता. पुढच्या वर्षी तिघांना शिक्षा झाली ती दंडाची, २,४०० ते ३,६०० युरो. फ्रान्समध्ये राजकुमारी डायनाच्या अपघातानंतर छायाचित्रकारांवर याच कलमाखाली चौकशी झाली, सारं जग बघत होतं, आणि १९९९ मध्ये त्यांच्यावरचे आरोप काढून टाकले गेले. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातही असा कायदा आहे, त्यात दंड जास्तीत जास्त १०० डॉलर.

जर्मनीकडून उचलण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मेसेजमध्ये नाही. तिथे गाडीचा परवाना हवा असेल तर प्रथमोपचाराचा वर्ग करावाच लागतो. आपल्यापैकी किती जणांकडून परवाना देताना कुणी वाहतं रक्त दाबून थांबवण्याचा सराव करून घेतला?

न्यूयॉर्कच्या ३८ साक्षीदारांची गोष्ट तर पन्नास वर्षांहून अधिक काळ फिरते आहे. मार्च १९६४ मध्ये किटी जेनोवीस या तरुणीचा खून झाला आणि वर्तमानपत्रानं ३८ जण बघत बसल्याची बातमी दिली. पुढे कागदपत्रं तपासणाऱ्या संशोधकांना ३८ जणांनी खून डोळ्यांनी पाहिल्याचा पुरावा सापडला नाही. काहींनी फक्त आरडाओरडा ऐकला होता. एका शेजाऱ्यानं खिडकीतून ओरडून मारेकऱ्याला पहिल्यांदा पळवून लावलं होतं, आणि एक शेजारीण खाली धावत जाऊन शेवटपर्यंत किटीला धरून बसली होती. ज्या वर्तमानपत्रानं ती बातमी दिली, त्यानंच २०१६ मध्ये तिच्यातल्या चुका मान्य केल्या. उलट २०१९ मध्ये ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनमधल्या २१९ रस्त्यावरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं, तेव्हा दहातल्या नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं.

आता मुख्य मागणी: बघ्यांना शिक्षा करा.

समजा केला असा कायदा. वळणावर गाडी उलटली. काही वाहनं थांबली, बरीच निघून गेली. गुन्हा दाखल करायचा कुणावर? त्यासाठी आधी तिथे कोण कोण होतं हे पोलिसांना लिहून घ्यावं लागेल. नाव, पत्ता, मोबाइल, गाडीचा नंबर. २०२० च्या नियमांनी पोलिसांना जे विचारण्याची सक्ती करायला मनाई केली, नेमकं तेच या कायद्याला रोज विचारावं लागेल. आणि सापडेल कोण? जो थांबला तो. ताशी शंभरच्या वेगानं पुढे गेलेला तोवर शिरवळला पोचलेला असेल. थांबलेल्याला विचारलं जाईल, तू कधीपासून उभा आहेस, आधीच का उचललं नाहीस, फोन किती वाजता केलास. मदत करणारा त्या क्षणी आरोपी होण्याच्या रांगेत उभा राहतो. शिवाय कलम १३४अ चं संरक्षण स्वेच्छेनं मदत करणाऱ्याला आहे. मदत सक्तीची केली तर ती स्वेच्छेची उरते का, यावर वकील भांडत बसतील. मामीला आज जी भीती वाटते ती तेव्हा खरी होईल.

फार तर एक मान्य करीन. जिवाला धोका नसेल आणि हातात फोन असेल, तर ११२ किंवा १०८ लावण्याएवढं मर्यादित कर्तव्य, तुरुंगाशिवाय, नाव न विचारता, यावर चर्चा होऊ शकते. पण त्याचीही पाळी सध्याचं संरक्षण लोकांपर्यंत पोचल्यावर यावी.

पडलेल्याचा व्हिडिओ काढत उभं राहणाऱ्यांची मलाही चीड आहे. त्यातल्या एकाला फोन खाली ठेवून जखमीचे पाय धरायला सांगा, बहुतेक वेळा तो धरतो. काय करायचं ते त्याला माहीत नसतं. महामार्ग पोलिसांनी १ मार्च २०२१ रोजी सुरू केलेली 'मृत्युंजय दूत' योजना याच कारणासाठी आहे: ढाबेवाले, पेट्रोल पंपावरची पोरं, रस्त्याकडेच्या गावांतली माणसं यांना जखमी कसा उचलायचा ते शिकवायचं. केंद्रानंही मदत करणाऱ्याचं बक्षीस ५,००० वरून २५,००० रुपयांवर नेलं आहे.

सह्याच गोळा करायच्या असतील तर दोन मागण्यांसाठी करा. पहिली, तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्याच्या दारात मदत करणाऱ्याच्या हक्कांची सनद मराठीत लावलेली असावी; या रविवारी जाऊन बघा, नसेल तर फोटो काढून जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी द्या. दुसरी अधिक मोठी आहे. कलम १३४अ फक्त मोटार अपघातापुरतं आहे. एसटी स्टँडवर छातीत कळ येऊन कोसळलेल्या प्रवाशाला उचलणारा, गणपतीपुळ्याच्या समुद्रात बुडणाऱ्यामागे उडी मारणारा, विजेचा धक्का बसलेल्याला लाकडानं बाजूला करणारा, यांना त्या कलमाचं कवच नाही. त्यांच्यासाठी ते कलम रुंद करा, असा अर्ज कुणी काढला तर तो मला पाठवा, मी सही करीन आणि ओळखीच्या प्रत्येकाकडून घेईन.