लास मेदुलासचा डोंगर अणुबॉम्बने नाही, पाण्याने धुतला

स्पेनमधल्या लास मेदुलासच्या तांबड्या सुळक्यांचे फोटो असलेला एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. खाली ठोकून दिलंय: या सोन्याच्या खाणीची लेखी नोंद कुठेच नाही, रोमनांना हे शक्यच नव्हतं, कातळ म्हणे व्हिनेगरने विरघळवला, माती अणुस्फोटाने लाल झाली आणि एकट्या या खाणीतून वर्षाला साडेसहा टन सोनं निघे. एरवी डिलीट करून मोकळी झाले असते. पण भाच्याने हे जसंच्या तसं शाळेच्या प्रकल्पात उतरवलंय.

लेखी नोंद नाही? थोरला प्लिनी इ.स. 73च्या सुमारास स्पेनच्या त्याच प्रांतात रोमन अधिकारी होता. लास मेदुलासचं नाव तो घेत नाही, हे खरं. पण त्याच्या ‘नॅचरल हिस्टरी’च्या 33व्या खंडात ही अख्खी पद्धत आहे. दिव्याच्या उजेडात डोंगराच्या पोटात बोगदे खणायचे. मजुरांना महिनोन्महिने ऊन दिसत नसे. मग आतले आधार एकेक करून पाडायचे. माथ्यावरचा राखणदार तडा दिसताच हाळी द्यायचा आणि स्वतःही धूम ठोकायचा. मागून डोंगर खाली.

पुढचं काम पाण्याचं. कधी शंभर-शंभर मैलांवरून कड्याकड्याने पाट आणलेले. कडा फोडणारी माणसं दोरांना लटकलेली, लांबून पाखरांसारखी दिसत, असं प्लिनी लिहितो. वर 200 फूट लांब-रुंद आणि 10 फूट खोल तलाव. दारं उघडली की लोंढा दगडधोंड्यांसकट खाली. खालच्या चरांत एक खरबरीत झुडूप अंथरलेलं असे, त्यात सोनं अडकायचं. ते झुडूप वाळवून जाळायचं आणि राख धुऊन सोनं काढायचं. त्या पाटांच्या आणि तलावांच्या खुणा लास मेदुलासच्या आसपास आजही आहेत. आणि आपण दोराला लटकलेल्या त्या माणसाला वगळून श्रेय कुणाला देतोय, तर कुठल्याशा ‘लुप्त तंत्रज्ञानाला’!

व्हिनेगरचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. कठीण कातळ आग आणि व्हिनेगरने फोडत, असं प्लिनीच सांगतो. फोडत, विरघळवत नव्हे. तेही बोगद्यात धुराने जीव गुदमरे, म्हणून बहुतेकदा दीडशे पौंडी लोखंडी घणच चाले.

लाल माती म्हणजे अणुस्फोट, तर मग रत्नागिरीवर किती बॉम्ब पडले असतील? तो लोहाच्या गंजाचा रंग आहे, आपल्या जांभ्यासारखाच.

राहिला सोन्याचा आकडा. प्लिनी वर्षाला 20,000 रोमन पौंड म्हणतो, म्हणजे साधारण साडेसहा टन. पण ते अस्तुरिया, गालेसिया आणि लुसितानिया या तिन्ही मुलखांचं मिळून, आणि तेही ‘काहींच्या मते’. फॉरवर्डवाल्याने तिन्ही मुलखांचं सोनं एकाच खाणीत ओतलं आणि ‘काहींच्या मते’ तेवढं गाळलं.